रस्त्यात पुरलेले पांढरे दगड

अक्काला लॉरीनं उडवलं तेव्हा मी दफ्तरात बसून नळाच्या तक्रारीची एक दरख्वास्त नकलून काढत होतो. चपराशी आत आला आणि म्हणाला, "मुन्शीजी, तुमच्या बहिणीला दवाखान्यात नेलंय." मला पहिल्यांदा कळलंच नाही. अक्का दवाखान्यातच कामाला होती. मी मान वर न करता म्हटलं, "व्हय, ती तिथंच असते." तो दारातून हलला नाही. म्हणाला, "तशी नाही हो. उचलून नेलंय."

मी टाक तसाच दौतीत ठेवून पळालो.

औरंगाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि मी इथल्या बलदियात, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत, कारकून होतो. गाव आमचं कन्नडकडचं. शाळा उर्दूतून झाली, अक्षर बरं होतं, म्हणून चिकटलो. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तरणेपणीच विधवा झालेली. ती दिवसकार्याला म्हणून आली आणि परत गेलीच नाही. चार महिने तिनं माझ्यासाठी भाकऱ्या थापल्या, मग एक दिवस आपणहून बायकांच्या दवाखान्यात गेली आणि दाईच्या हाताखाली काम मागून घेतलं. का, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

आमची वस्ती स्टेशनाकडून शहरात येणाऱ्या सडकेच्या एका अंगाला आणि दवाखाना दुसऱ्या अंगाला. मधे ती काळ्या खडीची सडक. पूर्वी तिच्यावरून टांगे आणि बैलगाड्या जायच्या. मग सरकारी मोटारबशी सुरू झाल्या, आणि महायुद्ध लागल्यावर छावणीतल्या लष्करी लॉऱ्या. वस्तीतून सडकेवर यायला दोन घरांच्या भिंतींमधून एक बोळ होता. बोळातून निघालेला माणूस थेट सडकेवरच पाय ठेवायचा. त्याला मोटार दिसायची नाही आणि मोटारवाल्याला तो दिसायचा नाही. टांग्याच्या काळात त्यानं काही बिघडत नव्हतं.

मी पोचलो तेव्हा अक्का ओळखीच्याच खाटेवर होती, जिथं ती दुसऱ्यांना निजवायची तिथं. डावा पाय गुडघ्याखाली मोडला होता. डॉक्टरीणबाई फळ्या बांधत होत्या आणि अक्का दातात पदर धरून छताकडं बघत होती. बाहेर ओसरीवर लॉरीचा ड्रायव्हर उकिडवा बसला होता. दक्षिणेकडचा कुठलासा फौजी, काळासावळा, खाकी कपड्यांवर अक्काच्या रक्ताचे डाग. त्यानंच तिला दोन्ही हातांवर उचलून आणलं होतं. माझ्या मनात त्याला मारायचं होतं, पण त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत म्हणाला, "भाई, दीवार में से आदमी निकलता. मेरे को कैसा मालूम?"

दार उघडंच होतं. अक्कानं ते ऐकलं. दोन दिवसांनी, ताप उतरल्यावर, तिचं पहिलं धड वाक्य तेच होतं.

"त्याचं खरं हाय रं," ती म्हणाली. "त्याला कसं कळावं हितनं माणसं निघत्यात म्हून? तुमच्या बलदियानं तिथं काय खूण केलीय का?"

"नाही," मी म्हटलं.

"मग करा की."

इतकं सोपं होतं ते तिच्या लेखी.

दरख्वास्त मीच लिहिली आणि मीच दाखल करून घेतली. आमच्या मोहतमीम साहेबांच्या, म्हणजे कचेरीच्या मुख्य अधिकाऱ्यांच्या, पुढं ठेवली. साहेब पेन्शनीला आलेले, दम्यानं बेजार झालेले गृहस्थ. माणूस वाईट नव्हता. वीस वर्षं त्याच खुर्चीत बसून, कुठलीही गोष्ट होईल ही आशा त्यांच्या आवाजातून गेली होती, एवढंच. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, म्हणाले, "बहीण कशी आहे?"

"खाटेवर आहे साहेब."

"चुन्याचे दोन पट्टे मारून घ्या सडकेवर. आडवे. इकडून तिकडं." मग थोडं खोकून म्हणाले, "टिकणार नाहीत."

साफसफाईच्या जमादारानं दोन माणसं पाठवून पट्टे मारले. दवाखान्याच्या खिडकीतून अक्काला ते दिसले म्हणून ती खूश झाली. दिसत होतेही सुरेख, काळ्या सडकेवर दोन पांढरेशुभ्र पट्टे. तीन दिवसांत बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी त्यांचे तुकडे केले. पाचव्या दिवशी त्यावर शेण, धूळ, घोड्यांचं मूत. आठव्या दिवशी मी दफ्तरातून येताना थांबून शोधलं, तर एका कडेला हातभर पांढुरकं काहीतरी उरलं होतं, तेही तिथं पट्टा होता हे ठाऊक होतं म्हणून दिसलं.

पुन्हा मारायचे तर पुन्हा गुदामातून चुना काढायचा. चुना काढायचा तर चिठ्ठी. चिठ्ठीवर साहेबांची सही, मग गुदामाच्या कारकुनाची, मग जमादाराची. चार महिन्यांत मी ती चिठ्ठी किती वेळा लिहिली याचा हिशेब ठेवला नाही. पट्टे मारले की आठवडाभर असायचे, मग तीन आठवडे नसायचे. पावसाळ्यात तर मारायचाच प्रश्न नव्हता.

अक्का काठी घेऊन चालू लागली. पाय किंचित आखूड झाला होता. ती पुन्हा कामावर जायला लागली, आणि रोज संध्याकाळी घरात शिरता शिरता म्हणायची, "पट्टा गेला बरं का." जसं कुणी सांगावं, की तेल संपलंय.

मग आम्ही पाटी लावली. ही कल्पना माझी. सागाची फळी, निळा रंग, वर उर्दूत आणि खाली मराठीत लिहिलं: "आहिस्ता. इथून माणसं रस्ता ओलांडतात." मजकूर मी स्वतः लिहून दिला होता आणि मला त्याचा थोडा अभिमानही वाटत होता. ज्या दिवशी पाटी उभी राहिली त्या दिवशी मी अक्काला मुद्दाम घेऊन गेलो. तिनं काठीवर भार देऊन तिच्याकडं बराच वेळ बघितलं. तिला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. मग एक लॉरी धुरळा उडवत गेली. ड्रायव्हरनं पाटीकडं डोळा वळवलासुद्धा नाही. अक्का म्हणाली, "त्याला येतंय का वाचाया?"

पाटीच्या खांबाला पहिल्याच पावसाळ्यात वाळवी लागली. दिवाळीच्या आधी तो कलला आणि एक दिवस पाटीसकट नाहीसा झाला. पुढं एकदा वस्तीत कुणाकडं तरी जाताना मला ती दिसली. एका घराच्या मागं शेळ्यांच्या खोपटाला दार म्हणून बसवली होती, उलटी. निळा रंग अजून ताजा होता. मी बलदियाचा माणूस, ती सरकारी वस्तू. जप्त करायला हवी होती. मी उभा राहिलो, एका शेळीनं फळीवरून माझ्याकडं बघितलं, आणि मी पुढं निघालो. मला फार थकल्यासारखं झालं होतं.

त्या दिवसांत मी खरंच थकलो होतो, हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं त्यावरच आहे. काम कष्टाचं नव्हतं. पण रोज तेच कागद, तीच सही, तोच माणूस उद्या या म्हणणारा, आणि कधी कधी तो माणूस मीच. गुदामाच्या कारकुनाशी माझं वाजलं होतं. चुन्याच्या चिठ्ठीवर एकदा त्यानं "मागच्या चुन्याचं काय झालं?" असा शेरा मारला. मी खाली लिहिलं, "बैलांनी नेला." तो बिघडला. त्यानंतर त्याच्याकडं चिठ्ठी घेऊन जायची म्हटलं की मला नको वाटायचं. एक चिठ्ठी साहेबांची सही होऊन माझ्या टेबलावर काचेच्या गोळ्याखाली पडून राहिली. उद्या नेऊ म्हणून एक दिवस गेला, मग दुसरा. अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी दुपारी आमच्याच वस्तीतली एक बाई त्या बोळातून निघाली. नवरा गिरणीत कामाला होता, त्याची भाकर घेऊन ती रोज जायची. चोवीस-पंचवीसची असेल. बसखाली आली. दवाखान्यात नेईपर्यंत जीव होता.

अक्का वॉर्डात होती. तिनंच तिचं डोकं मांडीवर घेतलं, तिनंच शेवटी डोळे मिटले. हे ती मला नंतर कधीच बोलली नाही, दवाखान्यातल्या दुसऱ्या बाईनं सांगितलं.

त्या संध्याकाळी अक्का घरी आली तेव्हा मी आधीच येऊन बसलो होतो. दफ्तरात बातमी पोचलीच होती. तिनं काठी कोपऱ्यात ठेवली, हातपाय धुतले, चूल पेटवली. पाठमोरीच म्हणाली, "पट्टा कवाचा गेलाय?"

"महिना झाला असंल."

"मग पुना का नाय मारला?"

"कागद पुढं गेला नाही."

"कुणाकडं अडकलाय?"

खोटं बोलता आलं असतं. गुदामाच्या कारकुनाचं नाव घेतलं असतं तर तिनं त्याला शिव्या घातल्या असत्या आणि ते तिथंच मिटलं असतं. मी म्हटलं, "माझ्याकडंच."

ती वळली नाही. भाकरी तव्यावर टाकली, उलटली, चुलीच्या तोंडाशी फुगायला ठेवली. मला ताट वाढून दिलं. स्वतः बसली नाही. दाराच्या उंबऱ्यावर जाऊन टेकली आणि आखडलेला पाय दोन्ही हातांनी चोळत राहिली. मी जेवलो. त्या दिवशी मी कसं जेवलो, हे मला आजही कळत नाही, पण जेवलो हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी नेली नाही. पुन्हा चुना, पुन्हा आठ दिवस, याला काही अर्थ उरला नव्हता. दफ्तराच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. त्या पायऱ्यांची दुरुस्ती चालली होती आणि एक म्हातारा मिस्त्री फुटलेला दगड काढून नवा बसवत होता. त्याची आणि आमची ओळख होती. त्याच्या सुनेचं पहिलं बाळंतपण अडलं होतं, तेव्हा अक्का दोन दिवस तिच्या उशाशी होती. तेव्हापासून तो तिला आपा म्हणायचा.

"मुन्शीजी, चेहरा ऐसा कायकू?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. सगळं सांगितलं, चिठ्ठीचंही. त्यानं ऐकताना हातातलं काम थांबवलं नाही. मग म्हणाला, "चुना दिवारीला लावतात. सडकेला चुना लावून काय होतंय? सडकेला दगड पायजे."

"दगडाचीच तर सडक आहे."

"काळ्या दगडाची. तुम्हाला पांढरा पायजे." त्यानं करणीनं हवेत एक आडवी रेघ ओढली. "पट्टा रंगवायचा नाही. पट्टा पुरायचा. सफेद फरशी उभी गाडायची, हातभर खोल. आडवी टाकली तर बैलाच्या पायानं निघून येईल. उभी गाडली, तर झिजली तरी खाली तीच फरशी. वरून अर्धा बोट झिजंल तुमच्या जन्मात. माझ्या तर काहीच नाही." आणि तो हसला.

पांढरी फरशी कुठून आणायची, हेही त्यालाच ठाऊक होतं. बलदियाच्याच आवारात, कोंडवाड्याच्या मागं, कुठल्याशा पाडलेल्या जुन्या हौदाच्या फरश्या गवतात पडून होत्या. मी रोज तिथून जायचो. कधी बघितल्या नव्हत्या. त्यानं एक उचलून थुंकी लावून पुसली, तर खालून दुधासारखा रंग निघाला.

साहेबांकडं गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सडक आपली नाही. तामीरातवाल्यांची आहे." तामीरात म्हणजे सरकारी बांधकाम खातं. "त्यांना लिहिलं तर ते हैद्राबादला लिहितील. हैद्राबादहून विचारणा येईल की असं दुसरीकडं कुठं केलंय का. केलेलं नाही. मग?"

मी निघायला वळलो नाही. बहुतेक माझ्या तोंडावर जे होतं ते त्यांनी बघितलं.

"ती बाई," साहेब म्हणाले, "तिला मुलं होती?"

"एक मुलगी. दीड वर्षाची."

त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "त्या सडकेखालून मोरी जाते ना? वस्तीच्या पाण्याची?"

"जाते."

"मोरी आपली आहे. मोरीची दुरुस्ती करायला सडक उकरावी लागते. उकरली की परत भरावी लागते. कशानं भरायची हे कुठं लिहिलेलं नाही." त्यांनी चष्मा चढवला. "मोरीच्या दुरुस्तीचा कागद करा. आज."

मी केला. माझ्या नोकरीत मी लिहिलेलं ते सगळ्यात उपयोगी खोटं. मिसलीवर, म्हणजे त्या कागदांच्या बस्त्यावर, नाव घातलं "मोरीची दुरुस्ती", आणि आत एका अक्षरानंही माणसांचा उल्लेख नव्हता.

काम पाच दिवस चाललं. सडक बंद करता येत नव्हती, म्हणून आधी अर्धी उकरली, मग अर्धी. मिस्त्री आणि त्याच्या हाताखाली दोन बाया. फरश्यांच्या वरच्या कडा त्यानं टाकीनं टोचून खरबरीत केल्या, जातं टाकवतात तशा, नाहीतर बैल घसरतील म्हणाला. खाली चुना आणि विटांची भुकटी कालवून त्यात एकेक फरशी उभी केली, ओळंबा धरून, जसा मुकुटात एखादा खडा बसवावा. प्रत्येक पट्टा दोन हात रुंद, असे सहा, मधे काळी खडी. आणि पांढरे दगड त्यानं सडकेच्या वर बोटभर राखले.

"वर कशाला?" मी विचारलं.

"वाचता येत नाही ना डरायवरला? त्याच्या बुडाला कळंल."

गाडीवानांनी वैताग आणला. चुना सुकायला वेळ हवा होता आणि त्यांना घाई. अक्का दुपारी दवाखान्यातून सुटली की ओल्या पोत्यांनी झाकलेल्या त्या दगडांच्या पुढं काठी आडवी धरून बसायची. एक गाडीवान खाली उतरून तिच्या अंगावर ओरडला, "म्हातारे, सरकारी रस्ता हाय, तुझ्या बापाचा नाय!"

"माझा पाय हितंच ऱ्हायलाय," अक्का म्हणाली. "तेवढी जागा माझीच हाय. जा कडंनं."

तो कडेनं गेला.

दगड उघडे झाले त्या दिवशी काय झालं, तर बैल बिचकले. खरंच. पांढरा पट्टा पुढं दिसला की जोडी थबकायची, मान खाली घालून हुंगायची, मागं सरायची. गाडीवान खाली उतरून वेसण धरून ओढायचे. आठ दिवसांनी त्यांची तक्रार दफ्तरात आली, सात-आठ अंगठे उठवलेली. साहेबांनी वाचून माझ्याकडं दिली. "ठेवा," एवढंच म्हणाले. मी ती काचेच्या गोळ्याखाली ठेवली. ती तिथंच पिवळी पडली. तोवर बैलांना सवय झाली होती.

मोटारींचं मिस्त्री म्हणाला तसंच झालं. लॉरी जोरात आली की त्या दगडांवर खडखडाट व्हायचा, मागचं सामान आदळायचं, ड्रायव्हर चमकायचा. दोनदा-तीनदा आदळल्यावर तो लांबूनच पांढरं बघून वेग कमी करायचा. फौजी लॉऱ्यांना तर दातच आवळून यावं लागायचं.

माणसांचंच अवघड गेलं. लोक पट्ट्यावरून चालायचेच नाहीत. बोळातून निघाले की जिकडं तोंड तिकडं चालू लागायचे. अक्का सकाळ-संध्याकाळ बोळाच्या तोंडाशी उभी राहायची आणि येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची. एकीनं तिला विचारलं, "पांढऱ्यावरनं चाललं म्हंजी मोटार मारत नाय का?"

"मारती की," अक्का म्हणाली. "पर मारायच्या आधी वाजती. तेवढ्यात पळायचं."

दोनेक महिन्यांनी बायका आपोआप तिथून जायला लागल्या. त्या जातात म्हणून पोरं, आणि पोरं जातात म्हणून बाप्ये. त्या जागेवर पुन्हा कुणी दगावलं नाही असं मी म्हणणार नाही. एक शेळी मेली. एका टांगेवाल्याचं घोडं लंगडं झालं आणि त्यानं दोष दगडांना दिला, कदाचित बरोबरही असेल. पण माझ्या नोकरीच्या उरलेल्या वर्षांत त्या बोळातून निघालेलं माणूस उचलून दवाखान्यात नेल्याचं मला आठवत नाही.

एकदा मी आणि अक्का बाजारातून येत होतो. तिच्या हातात मेथीची जुडी, माझ्या हातात पिशवी. आम्ही पट्ट्यावर पाय ठेवला आणि शहराकडून सरकारी बस आली. कोळशाच्या गॅसवर चालणारी, मागं ती भट्टी बांधलेली, युद्धाच्या टंचाईत तशाच चालायच्या. बस पांढऱ्या दगडांच्या अलीकडं थांबली. पूर्ण थांबली. आतले लोक आमच्याकडं बघत होते. मला ओशाळल्यासारखं झालं. मी अक्काचा दंड धरून म्हटलं, "चल लवकर."

अक्कानं दंड सोडवून घेतला. "थांबलाय न्हवं त्यो? मग थांबू दे की." आणि ती तिच्या आखूड पायानं, काठी एकेका दगडावर टेकत, तिच्याच चालीनं पलीकडं गेली. मी तिच्या मागून. पलीकडं पोचल्यावर ती जराशी थांबली, मेथीची जुडी या हातातून त्या हातात घेतली, बसकडं वळूनही न बघता घराच्या वाटेला लागली. माझे डोळे भरून आले होते, त्याचं मला नवल वाटलं.

मिस्त्री वर्षातून एकदा न बोलावता यायचा, फरश्या ठोकून बघायचा, एखादी हललेली असली तर नीट करून जायचा. मजुरी मागायचा नाही, अक्काकडं चहा घ्यायचा. एका वर्षी आला नाही. सुनेनं निरोप पाठवला तेव्हा माती होऊन चार दिवस झाले होते. साहेब पेन्शनवर गेले आणि वर्षभरात तेही गेले.

मग राज्यच बदललं. दफ्तरातली उर्दू गेली, मराठी आली. मी चाळिशी ओलांडल्यावर रात्रंदिवस वापरलेली लिपी सोडून मोडकंतोडकं दफ्तरी मराठी लिहायला शिकलो, माझ्याच मातृभाषेत चुका करत. त्यानंतर थोड्याच दिवसांत सडक रुंद करून डांबर टाकायचं ठरलं. इंजिनियर तरणाबांड, चांगला शिकलेला. मी त्याला गाठून म्हटलं, "तिथं पांढरे दगड आहेत, माणसांच्या वाटेचे. ते ठेवा."

तो सौजन्यानं म्हणाला, "कागद दाखवा."

मिसल काढली. तिच्यावर माझ्याच अक्षरात होतं, "मोरीची दुरुस्ती". त्यानं चाळली आणि परत दिली. मोरी तर नव्या कामात बदलणारच होती.

डांबर पडलं. रोलर फिरला. दगड निघाले का खालीच राहिले, मी बघायला गेलो नाही. अक्का गेली होती. घरी येऊन म्हणाली, "गुळगुळीत केलंय सगळं. पोटातलं पाणी हलत नाय आता मोटारीचं."

मी तोवर दुसऱ्या खात्यात गेलो होतो. तरी अर्ज लिहिला, मराठीत, स्वच्छ, की अमुक ठिकाणी लोक रस्ता ओलांडतात, तिथं टिकाऊ खूण करावी, रंगाची नको, दगडाची करावी. बलदियात जाऊन माझ्याच जुन्या टेबलावर दिला. तिथं एक नवीन कारकून होता. डोळे ओढलेला, कागदांच्या ढिगामागं बसलेला. त्यानं अर्ज वाचला, उलटा करून मागं काही आहे का बघितलं, आणि ढिगावर ठेवला.

घरी अक्का ओसरीत शेंगा सोलत बसली होती. तिचे केस तोवर पार पांढरे झाले होते.

"काय म्हनला?"

"बघतो म्हणाला."

"तू बी तसंच म्हनायचास," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. मला वाटतं, आठवण होती नुसती.

मी तिच्यासमोर बसलो आणि सुपातल्या शेंगा हातात घेतल्या. थोड्या वेळानं ती म्हणाली, "उद्या जाशील न्हवं परत, इचाराया?"

"जाईन."

"मी बी येते," ती म्हणाली. "काठी बघून तरी लिवंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. तो कारकून रजेवर होता. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा गेलो.